आबांच्या लेथची डुलकी

माझं काम नेमकं काय, हे सासुरवाडीत समजावून सांगताना माझी कित्येक वर्षं गेली. संगणकाच्या प्रोसेसरला काम नसतं तेव्हा त्याने काय करायचं, हे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा ठरवतो. त्या गाभ्याला कर्नल म्हणतात. त्यातला एक लहानसा भाग लिहिणं, तपासणं, दुरुस्त करणं हा माझा उद्योग, आणि तो मी राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत बसून करतो. सासरे उद्यमनगरातले जुने टर्नर, म्हणजे लेथवर लोखंड फिरवून कातणारे, स्वतःचं वर्कशॉप असलेले. घरात सगळे त्यांना आबा म्हणत. एका दिवाळीत त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सासूबाईंकडे वळून म्हणाले, "आगं, जावईबापूंना झोपायचा पगार मिळतोय की! आन् आपण उगंच सरकारी नोकरीवाला हुडकत बसलेलो."

सगळे हसले, मीही हसलो. कारण व्याख्या फारशी चुकीची नव्हती.

प्रोसेसर रिकामा असला तरी वीज खातो. म्हणून रिकाम्या वेळात त्याला झोपवतात. या झोपेच्या पायऱ्या असतात. वरच्या पायरीवर नुसती डुलकी, वीज थोडी वाचते पण हाक मारली की लगेच जाग येते. खालच्या पायऱ्यांवर गाढ झोप, वीज भरपूर वाचते पण जागं व्हायला वेळ लागतो. शिवाय गाढ झोपेत जायला आणि बाहेर यायलाही वीज खर्ची पडते, त्यामुळे थोड्या वेळासाठी तेवढं खोल जाणं तोट्याचं. पुढचं काम किती वेळाने येईल, याचा अंदाज कर्नलला दर वेळी बांधावा लागतो. अंदाज चुकला की एक तर वीज वाया जाते, नाही तर काम उशिरा होतं. आमचं घर या अंदाजावर चालतं, असं म्हणायला हरकत नाही.

आबांच्या पश्चात वर्कशॉप माझा मेव्हणा बघतो. खरं तर आबा होते तेव्हाच त्याने त्यांच्या जुन्या लेथला मोटरी जोडल्या आणि त्या एका संगणकावरून चालवायला सुरुवात केली. संगणक जुना, वर लिनक्स, म्हणजे ज्याच्या कर्नलवर मी काम करतो तीच सिस्टिम. तो सेकंदाला हजार वेळा मोटरीला सांगतो, आता इथे ये, आता इथे. आबांना हे पसंत नव्हतं, पण त्यांनी अडवलं नाही. त्यांची तक्रार वेगळ्याच गोष्टीवर होती. मेव्हणा त्याच संगणकावर दिवसभर गाणी लावायचा. आबा आत आले की पहिलं वाक्य ठरलेलं, "बंद कर ते आदी!" गाणी बंद व्हायची, आबा बाहेर पडले की परत सुरू.

आबा गेले, तेव्हा दिवसकार्याला आम्ही पंचगंगेच्या घाटावर होतो. पिंडाला कावळा शिवेना. आपल्याकडे अशा वेळी जो तो गेलेल्या माणसाला शब्द देऊन बघतो. मेव्हण्याने सांगितलं, आईला अंतर देणार नाही. माझ्या बायकोने काही सांगितलं. पुतण्यांनी सांगितलं. कावळे समोरच्या झाडावर बसून बघत होते. शेवटी मेव्हणा रडतच पुढे झाला आणि म्हणाला, "आबा, वर्कशॉपात पुन्यांदा गाणी लावणार न्हाय. शब्द देतो." आणि कावळा आला. माझं मत विचाराल, तर सगळे मागे सरल्यामुळे आला. पण ते मी तिथे बोललो नाही, नंतरही कधी मेव्हण्याला बोललो नाही.

वर्कशॉप पुन्हा उघडलं आणि त्याच दिवसापासून लेथ बिघडला. पंपाचे शाफ्ट करत होते. मापात वीस मायक्रॉनची सूट, म्हणजे केसाच्या जाडीहून कितीतरी कमी. एक शाफ्ट बरोबर यायचा, पुढच्या दोनांवर बारीक रेघ उमटायची, मापही हलायचं. मेव्हण्याने पट्टा बदलला, बेअरिंग बदललं, अर्थिंग नवं केलं, वायरी बदलल्या. ज्याच्याकडून मोटरी फिरवणारे ड्राइव्ह घेतले तो माणूस येऊन तपासून गेला. सगळं ठीक होतं, फक्त शाफ्ट ठीक नव्हते.

शेजारपाजारच्या वर्कशॉपात कुजबुज सुरू झाली. म्हाताऱ्याचं मन या मशीनवर नव्हतंच. त्याच्या हातचा लेथ, त्याला संगणक जोडला. मेव्हणा तोंडाने "कायबी बोलत्यात" म्हणायचा, पण त्याचं जेवण कमी झालं होतं. बायको मला म्हणाली, "त्याला वाटतंय आबा रागावून गेले. ऑर्डर जाईल याची त्याला एवढी काळजी नाही, याची आहे."

मग एक दिवस मेव्हणा कामासाठी चंदगडला गेला. वर्कशॉपात फक्त चाचा होते. चाचा आबांच्या बरोबरीचे टर्नर, आता वयामुळे हलकं काम करतात. मुसलमान मोहल्ल्यातून सायकलवर येतात आणि आबांशी त्यांचं रोजचं भांडण हे वर्कशॉपचं घड्याळ होतं. त्या दिवशी भारताची मॅच होती. चाचांनी संगणकावर मॅच लावली आणि लेथ सुरू केला. संध्याकाळी मेव्हणा परतला तेव्हा तयार शाफ्ट रांगेने ठेवलेले, एकावरही रेघ नाही.

"चाचा, काय केलंसा?"

"काय न्हाय. मॅच लावलती."

"मी शब्द दिलाय न्हवं आबास्नी!"

"तू दिलायस. मी कुठं कावळ्याला काय बोललोय? आन् तुझ्या बाला मॅच चालायची, आवाज बारीक ठिवला की. हरली की मलाच शिव्या द्यायचा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मेव्हणा आमच्याकडे आला. चपला काढता काढताच बोलायला लागला. त्याने दिवसा खात्रीसाठी म्हणून आवाज पूर्ण बंद करून एक सिनेमा चालवून बघितला होता, तरी शाफ्ट चांगले आले. सिनेमा बंद केला की रेघा. "म्हंजे मशीनला करमणूक पायजे आन् आबांना नको. दाजी, आता मी आबांचं ऐकू का मशीनचं?"

तो चेष्टा करत नव्हता. डोळे भरलेले होते.

आवाज बंद असूनही शाफ्ट चांगले आले, हे ऐकलं आणि मला कारण दिसलं. पण मोजल्याशिवाय बोलायचं नाही, ही माझी सवय. दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप घेऊन उद्यमनगरात गेलो. मोटरीला जाणारी प्रत्येक आज्ञा ठरल्या क्षणापेक्षा किती उशिरा निघते, ते मोजायला लावलं. सिनेमा सुरू असताना उशीर वीस मायक्रोसेकंदांच्या आत. सिनेमा बंद केला, तर कधी दहा, कधी दोनशे, मध्येच तीनशे. उशीर दर वेळी सारखाच असता, तर शाफ्टला कळलंही नसतं. तो कधी होता आणि कधी नव्हता, आणि त्या कमीजास्तीत मोटर कचरत होती.

मेव्हणा आणि चाचा माझ्या दोन्ही बाजूंना स्टुलांवर बसले होते. मी सांगितलं, "हा प्रोसेसर दोन आज्ञांच्या मध्ये रिकामा असतो. गाणी असली की त्याला मधेमधे उठावं लागतं, म्हणून नुसत्या डुलक्या घेतो. गाणी बंद झाली आणि त्याला वाटलं, आता निवांत आहे. तो गाढ झोपायला लागला. पुढच्या आज्ञेला उठता उठता उशीर होतो."

मेव्हणा म्हणाला, "म्हंजे फौंड्रीतल्या भट्टीगत. दोन घाण्यांच्या मधी भट्टी तापती ठेवायची का इझवायची."

"तेच. विझवली तर वीज वाचते, पण पुढचा घाणा ओतायची वेळ आली की लोखंडाचा रस तयार नसतो."

"आन् ही भट्टी कोण इझवतोय?"

"कर्नलमधला एक भाग. तो अंदाज बांधतो."

"तुमीच लिवलेला?"

"माझ्या त्यात दोन-चारच ओळी आहेत."

चाचा एवढ्या जोरात हसले की खोकला लागला. "बघ! तुझा बा म्हणत हुता न्हवं, जावई झोपायचा पगार घेतो! त्यानंच मशीन झोपवलं!"

मेव्हणाही हसला. आबा गेल्यापासून मी त्याला पहिल्यांदाच हसताना बघत होतो. मग तो एकदम थांबला आणि म्हणाला, "पर आबांचा काय संबंध न्हाय न्हवं ह्यात? खरं सांगा. माझं मन राकायला बोलू नका."

मी त्याला आकडे दाखवले. मन राखायला बोलण्याचं कसब माझ्याकडे नाही, हे त्याला ठाऊक आहे. "गाणी बंद केलीस म्हणून हे झालं," मी म्हणालो. "आबांचं ऐकलंस म्हणून. ते रागावले असते तर गाणी चालू असताना मशीन बिघडायला हवं होतं."

हा युक्तिवाद तर्काला धरून आहे का, हे मी अजून तपासलेलं नाही.

उपाय अवघड नव्हता. प्रोसेसरला कायमचं जागं ठेवता येतं, पण मग रात्रंदिवस वीज जळते आणि संगणक तापतो. ते माझ्या मनाला पटत नाही. कर्नलमध्ये एक चांगली सोय आहे. एखादा प्रोग्रॅम त्याला सांगून ठेवू शकतो, की मला इतक्या मायक्रोसेकंदांच्या आत जागा होणारा प्रोसेसर हवा. जोवर तो प्रोग्रॅम ही विनंती धरून आहे तोवर कर्नल त्याहून खोल झोपवत नाही. प्रोग्रॅम संपला की विनंती आपोआप सुटते आणि प्रोसेसर पुन्हा हवा तेवढा झोपायला मोकळा. मी लेथ चालवणाऱ्या प्रोग्रॅमला त्या काही ओळी जोडल्या. लेथ कापत असेल तेवढाच वेळ डुलकी, एरवी गाढ झोप.

ही सोय मी लिहिलेली नाही. ती कुणी कुठल्या देशात बसून लिहिली, त्यावर कुणी हरकती घेतल्या, कुणी रात्री जागून दुरुस्त्या पाठवल्या, यातल्या बहुतेकांना मी फक्त पत्रव्यवहारातून ओळखतो. त्यांच्यापैकी कुणाच्याही मनात उद्यमनगरातला एक लेथ नव्हता, पंचगंगेवरचा कावळा तर नव्हताच. तरी त्यांच्यामुळे एका मुलाला बापाला दिलेला शब्द मोडावा लागला नाही. त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी त्यांच्यातल्या एकाला आभाराचं पत्र लिहिलं. कावळ्याचा भाग गाळला.

पण घरी येण्याआधी, वर्कशॉपातच, आम्ही सगळं बंद करून, सिनेमा नाही, मॅच नाही, लेथ सुरू केला. पहिला शाफ्ट आला. मेव्हण्याने मायक्रोमीटर लावला, उजेडात फिरवून बघितला, चाचांकडे दिला. चाचांनी नखाने रेघ शोधली, ती सापडली नाही. दुसरा, तिसरा. मेव्हणा बाहेर जाऊन नळावर तोंड धुऊन आला.

तेव्हापासून मी महिन्यातून एखाद्या वेळी तिथे जातो. कामाचं निमित्त नसतं. इतकी वर्षं मी जे आकडे पडद्यावर बघत आलो, ते तिथे लोखंडावर हात फिरवून बघायला मिळतात, आणि ही संधी आपल्याला मिळाली याचं मला फार बरं वाटतं.

मागच्या वेळी गेलो तेव्हा लेथ चालू होता. मी काहीतरी बोलत होतो, मुलीच्या परीक्षेचं की कशाचं.

"दाजी, गप बसा जरा," मेव्हणा म्हणाला. "ऐका."

मला लेथची घरघर ऐकू आली, दुसरं काही नाही. त्याने लेथ थांबवला आणि कापायचं टोक सोडवून माझ्या तळहातावर ठेवलं. एक कोपरा कणभर उडालेला होता. आणखी दोन शाफ्ट झाले असते, तर दोन्ही भंगारात गेले असते.

"आवाज बदलला हुता," तो म्हणाला. "गाण्यात मला ह्ये कंदीच ऐकू आलं न्हाय. आबा ह्याच्यासाठी वरडायचे, व्हय चाचा?"

"मग काय, गाण्याशी त्याचं वैर हुतं व्हय?" चाचा म्हणाले. "गाण्यात त्याला मशीन ऐकू येत न्हवतं."

"मला सांगायचं न्हाय मग?"

"त्यानं सांगितलं न्हाय, मी कशाला सांगू? मला वाटलं तुला ठावं हाय."

मेव्हण्याने नवं टोक बसवलं, घट्ट केलं आणि लेथ पुन्हा सुरू केला. आम्ही तिघं मान एका बाजूला कलती करून ऐकत उभे राहिलो. मला जुन्या आणि नव्या आवाजातला फरक काही कळला नाही. तरी शाफ्ट पूर्ण होईपर्यंत मी हललो नाही.