निळ्या सीटा वाळेपर्यंत

मी अमरावतीला सरकारी फिरत्या दवाखान्याच्या गाडीवर ड्रायव्हर होतो. साठ सालाच्या पुढची-मागची गोष्ट. गाडी बाहेरच्या देशातून मदत म्हणून आलेली होती, म्हणजे कोण्या शहाण्यानं आमचा मुलूख न पाहताच बनवलेली. मागे समोरासमोर दोन लांब सीटा, मधे फळी टाकली की डॉक्टरसाहेबांचा पलंग तयार. औषधांचं कपाट, स्टो ठेवायला जागा, पाण्याच्या टाकीला तोटी. सगळं झकास. पण सीटा कापडाच्या! जाड विणीच्या, निळ्या कापडाच्या. आमच्याकडची काळी माती, पानाची पिंक, खरजेचं मलम, अन् त्यात हे निळं कापड. नाकापेक्षा मोती जड, दुसरं काय!

त्या सीटांपायी मी लोकांशी फार भांडलो. पेशंट पायरीवर चढला की मी ओरडायचो, "पाय झटक आधी! हात कुठं लावून राहिला?" डॉक्टरसाहेब पुण्याकडचे, हळू बोलणारे. ते म्हणायचे, "अहो ड्रायव्हर, तो तापानं फणफणलाय." मी म्हणायचो, "तापला असन साहेब, पण पाय तं चिखलातच हायेत न त्याचे." मी हंगामी होतो. गाडी ठीक ठेवली तर कायम करू, असं मला वरून सांगून ठेवलेलं होतं. इंजिन ठीक आहे की नाही ते कोणाला कळत होतं? साहेब लोक दार उघडून आधी सीटाच पाहायचे.

एक भैताडपणा मात्र मीच केला होता. सीटांच्या आत मुळात काथ्या होता, तो वर्षभरात बसला. अकोल्याला दौऱ्यावर गेलो तेव्हा तिथल्या एका गादीवाल्याकडे मी त्या भरायला टाकल्या. त्यानं विचारलं, काथ्या भरू की कापूस? मला हसूच आलं. कापसाच्या देशात राहून काथ्या भरतं का कोणी? ठासून कापूस भरून घेतला. बसायला अशी मऊ झाली गाडी की डॉक्टरसाहेबांनी पाठ थोपटली. पण कापूस एकदा पाणी प्याला की सोडत नाही, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

त्या वर्षी माझी बहीण भाऊबीजेला आली. माझ्याहून चार वर्षांनी लहान. तीन वर्षांपूर्वी तिला चांदूर बाजाराच्या पुढच्या एका गावात दिली होती. चार दिवसांसाठी आली अन् महिना झाला तरी जायचं नाव काढेना. तिच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी बसलेली दिसली. विचारलं तर म्हणे, जात्यात सापडली. जात्यात करंगळी कशी सापडते बावा? मग एक दिवस माय तिचे केस विंचरत होती, तेव्हा तिनं सगळं सांगितलं. नवऱ्यानं हात उंबऱ्यावर ठेवून वर पाय दिला होता. कारण काय, तर भाजीत मीठ नव्हतं. मी बाहेर चपला शिवत बसलो होतो, मला सगळं ऐकू येत होतं. मी आत गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच माझ्याकडे आली. "दादा, मले नको धाडू न तिकडं."

मी म्हटलं, "मी कोन धाडनारा? माय म्हनन तसं."

माय काय म्हणणार? वडील नव्हते. घरात अजून एक लहानी होती, तिचं लग्न व्हायचं होतं. मोठी नवऱ्याला टाकून आलेली आहे म्हटल्यावर लहानीला कोण पाहायला येतं? माय म्हणाली, "पदरी पडलं, पवित्र झालं." अन् पदर डोळ्याला लावून बसली. त्याच आठवड्यात सासूचा निरोप आला, बाजाराला आलेल्या माणसाकडून. सोमवारपर्यंत पाठवा, नाहीतर ठेवून घ्या तुमची तुम्हाला, आम्ही दुसरी पाहतो.

आता योग पाहा. त्याच सोमवारी आमचा दौरा चांदूर बाजार करून परतवाड्याला जायचा होता. मायनं मला गाठलं. "तुह्या गाडीतच घेऊन जाय न तिले. यष्टीत तिच्यासंगं कोन जाईन?" मी डॉक्टरसाहेबांना विचारलं, ते हो म्हणाले. भला माणूस. त्यांना काय माहीत मी कोणाला कुठं पोचवून राहिलो ते.

पण शुक्रवारी नांदगाव खंडेश्वरहून परत येताना घोळ झाला. एका पोराला हगवण लागलेली, त्याला अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात आणत होतो. त्यानं दोन्ही सीटा भरवल्या. खाली-वर दोन्हीकडून, काय सांगू. खोळी असून नसल्यासारख्या. आतपर्यंत झिरपलं. डॉक्टरसाहेब म्हणाले, "पोर वाचलं ना, बास." पण त्यांना दम्याचा त्रास. ओलसर, कुबट गादीवर निजले की रात्रभर उशीला टेकून बसायचे. म्हणाले, "सोमवारपर्यंत धुऊन, पूर्ण वाळवून ठेवा. नाही वाळल्या तर दौरा पुढे ढकलू, पण ओल्यावर मी झोपणार नाही."

मी गाडी दारात आणून सीटा काढल्या तर बहीण आली. "मी धुतो दादा. तुले काय येते?"

खरंच तिच्यासारखं धुणं मला येत नव्हतं. तिनं आधी खापराच्या तुकड्यानं वरचं खरवडून काढलं. रिठे रात्रभर भिजवलेले, त्यांचा फेस कापडाच्या बोळ्यावर घेऊन बाहेरून आत, डागाच्या कडेपासून मधे, असं घासलं. "मधून सुरू केलं तं डाग पसरते," म्हणाली. साबण लावू दिला नाही, निळा रंग उतरतो म्हणून. लिंबू अन् मीठ वासासाठी. मग पाणी मारलं, वरून लुगड्याच्या जुन्या धडप्यानं दाबून दाबून टिपलं. वाकडी करंगळी बाजूला धरून काम करत होती. शनिवारी दुपारी सीटांच्या दोन्ही गाद्या बाजेवर उन्हात पडल्या तेव्हा नव्या कोऱ्या दिसत होत्या. मी खूश. म्हटलं, "बाई, तुलेच ठेवाव गाडीवर." ती हसली. त्या महिन्यात पहिल्यांदा हसली.

सोमवारी सकाळी हात लावला तर गाद्या थंडगार, ओल्या. मी कापसाला शिव्या घातल्या. अकोल्याच्या गादीवाल्याला घातल्या. त्याचा बिचाऱ्याचा काय दोष? डॉक्टरसाहेब म्हणाले, बुधवारी निघू. मायनं सासूकडं निरोप धाडला, गाडी निघाली की पोरगी पोचवतो म्हणून. बहिणीनं आंघोळ करून दोन भाकरी जास्त खाल्ल्या. माझ्या ते तेव्हा ध्यानात आलं नाही, नंतर आठवलं.

बुधवारीही ओल्याच. आता हे नवल होतं. मार्गशीर्षातलं ऊन, वारा कोरडा, दोरीवरचं धुणं दोन तासांत कडक होत होतं. अन् माझ्या गाद्या चार दिवसांनीही ओल्या? मी शिवण उसवून आत हात घातला तर मुठीत कापूस पिळला की पाणी. डॉक्टरसाहेब पहिल्यांदाच माझ्यावर चिडले. "वरून पत्र आलंय. परतवाड्याला लोक वाट पाहताहेत. शुक्रवारी काहीही झालं तरी निघायचं, ड्रायव्हर. नाहीतर मला लिहून कळवावं लागेल." लिहून कळवणं म्हणजे काय ते मला समजत होतं. माझं डोकंच फिरलं.

गुरुवारी मी फटफटायच्या आधी उठलो. म्हटलं, रात्रीचं दव पडते, ते लागत असेल, गाद्या आत घेऊ. अंगणात आलो तर बहीण बाजेपाशी वाकलेली. हातात तांब्या. गादीच्या शिवणीवर ती हळूहळू पाणी सोडत होती अन् दुसऱ्या हातानं ते आत जिरवत होती, लेकराच्या टाळूवर तेल जिरवावं तसं. वर कापड ओलं दिसू नये म्हणून पदरानं टिपतही होती.

मी पाहत उभा राहिलो. तिनं मला पाहिलं. दचकली नाही, पळाली नाही, तांब्यातलं उरलेलं पाणी होतं तेही ओतून टाकलं.

"काहून व?" मी म्हटलं. विचारायची काही गरज होती का?

"वाळल्या की जावं लागन न, दादा."

अन् मी काय बोललो? आज इतकी वर्षं झाली, अजून ते वाक्य माझ्या कानात आहे अन् माझीच लाज वाटते. मी तिच्या हातातला तांब्या हिसकला अन् म्हटलं, "अवं पन गादी कुजन न आतून!"

गादी कुजन. हे बोललो मी. पोरीला मारतात, बोटं मोडतात, अन् भाऊ म्हणतो गादी कुजेल.  ती तिथंच बाजेच्या कडेवर डोकं टेकून बसली. मीही दुसऱ्या बाजूनं बसलो. मला रडू येत होतं, पण माझ्या रडण्यानं काय होणार होतं? नोकरी सोडली तर खायचं काय, तिला ठेवून घेतली तर लहानीचं काय, अन् धाडली तर हिचं काय. आपलेच दात अन् आपलेच ओठ. कोणाकडं जाऊन बोंबलायचं? तेव्हा ठाण्यात जायचं कोणाच्या मनातही येत नव्हतं.

मी मायला सांगितलं. वाटलं होतं, हे ऐकून तरी तिचं मन पालटेल. खरं सांगायचं तर मला वाटत होतं की नको म्हणायचं काम मायनं करावं, मग मला काही करावं लागणार नाही. माय ऐकत राहिली. मग उठली, पाट घेतला अन् अंगणात गाद्यांपाशी जाऊन बसली. दिवसभर उन्हात बसून राहिली. दर घटकेला गादी उलटी करायची. जेवली नाही. बहीण दारात बसून मायकडे पाहत होती अन् माय गाद्यांकडे. संध्याकाळी माय दोन्ही गाद्या घरात घेऊन स्वतःच्या उशाशी ठेवून झोपली.

शुक्रवारी एक गादी वाळली होती. दुसरी वरून कोरडी, पण दाबली की गार लागायची. डॉक्टरसाहेबांना मी वाळलेली दाखवली. ते पुढे माझ्या शेजारी बसले. बहीण गाठोडं घेऊन मागे चढली अन् नेमकी त्या ओल्या गादीवर जाऊन बसली. मी म्हटलं, "तिकडं बस, कोरड्यावर." ती म्हणाली, "तिथं साहेब निजतात न. असू दे." मी ताडपत्री काढून दिली अंगाखाली घ्यायला. तिनं ती घडी करून बाजूला ठेवली.

रस्ताभर मी आरशात तिच्याकडे पाहत होतो. ती बाहेर पाहत होती. कपाशीची बोंडं फुटलेली होती, बाया वेचणीला लागल्या होत्या. डॉक्टरसाहेब परतवाड्याच्या कॅम्पबद्दल बोलत होते, किती लोक येतील, औषध पुरेल का. मी हो हो म्हणत होतो. दोन ठिकाणी रस्ता रुंद होता, गाडी सहज वळली असती. मी वळवली नाही. पाय ब्रेकवर जायचा अन् परत यायचा.

चांदूर बाजार मागं पडलं. तिच्या गावाच्या फाट्यावरून गाडी आत घातली अन् वेशीतच थांबवली. सरकारी गाडी आली म्हणून माणसं जमली. सासू पुढं आलीच. बहीण पायरीवरून उतरली, पाठमोरी होऊन गाठोडं ओढायला लागली, तर मागून लुगडं कमरेखाली पार ओलं. निळा रंगही थोडा उतरलेला.

"काय व," सासू सगळ्यांसमोर म्हणाली, "येवढ्या मोठ्या गाडीत बसून आली अन् मुतली का काय?"

विहिरीवरच्या बाया हसल्या. पोरं हसली. तिचा नवरा पाराला टेकून उभा होता, तोही हसला. मला म्हणता आलं असतं की मावशी, गादी ओली होती, माझ्या गाडीची चूक आहे. एवढं तरी.  पेशंटांवर वसावसा ओरडणारा मी, फक्त स्टेअरिंग धरून बसलो. डॉक्टरसाहेब घड्याळ पाहत होते.

बहिणीनं ओला भाग पदरानं झाकून घेतला. दोन पावलं गेली, मग परत फिरली अन् माझ्या खिडकीशी आली. मला वाटलं, आता ही म्हणेल, दादा, घेऊन चाल. मी दाराच्या कडीवर हातही ठेवला होता.

ती म्हणाली, "ते मागची गादी उन्हात टाकजो, दादा. उलटी करून टाकजो. नाई तं वास येईन अन् साहेब तुले बोलतीन."

मी म्हटलं, "हाव."

परतवाड्याला पोचल्याबरोबर मी ती गादी टपावर टाकली. उलटी करून. दुपार टळायच्या आत ती खडखडीत वाळली.