आंब्यावरच्या दोन जावा

शिडीवाले नाना कुठल्याही झाडपाल्याचं नाव पहिल्या भेटीत सांगत नसत. पान हातात घेत, उलटं करत, अंगठ्यानं दाबून बघत आणि म्हणत, "बघू." भोकरदनच्या आसपासच्या आमराया साफ करण्यात ज्या माणसाची हयात गेली, त्याला साधं पान ओळखू येऊ नये, याचं मला हसू यायचं. मी वनस्पतीशास्त्राची एमएस्सी करत होते, पानाचा फोटो काढला की नाव सांगणारं ॲप मोबाईलमध्ये होतं, आणि माझ्या जिभेला हाड नव्हतं. बघू-बघू करता तुम्ही म्हातारे झालात, असं मी त्यांच्या तोंडावर म्हटलं होतं. ते नुसते हसले.

नानांचं काम आंब्यावरचं बांडगूळ काढण्याचं. बांडगूळ फांदीत मुळं खुपसून झाडाचा रस पितं, म्हणून मोहोराच्या आधी मळेवाले ते काढून घेतात. नाना शिडी लावून चढत, कोयत्यानं बांडगूळ छाटत आणि त्याच फांदीवरची रास्ना मात्र जागच्या जागी ठेवत. रास्ना म्हणजे आपल्याकडचं रानटी ऑर्किड. ती सालीला नुसती बिलगून बसते, हवेत जाड मुळं सोडते, झाडाचं काही खात नाही. मालक खालून कटकट करत, की अर्धं काम टाकून काय उतरता? नाना वरूनच समजावत, की ही पाहुणी आहे, चोर नाही.

माझा प्रकल्प जालना जिल्ह्यातल्या ऑर्किडवर होता. एवढ्या कोरड्या मुलखात कसली आलीत ऑर्किडं, म्हणून वर्गात माझी टर उडवायचे. त्यामुळे मला तो काहीही करून वेळेत पुरा करायचा होता. दिवाळीनंतर नानांनी एका जुन्या आंब्यावर रास्नेचे दोन झुबके दाखवले. ॲपनं दोन्हींचं शास्त्रीय नाव 'वांडा' सांगितलं, मी वहीत लिहूनही टाकलं. नाना मात्र पानं चाचपत राहिले. एकीचं पान पन्हाळीसारखं दुमडलेलं, दुसरीचं जाड आणि ताठ.

"जावा हायेत त्या, ताई. एका घरात नांदतात म्हून काय सख्ख्या बहिणी व्हतात का? फुलू द्या बराबर. मंग नाव लिवा."

थांबायला वेळ कुणाला होता? शिमग्याच्या सुमारास मी प्रकरण लिहून दिलं, त्यात या आंब्यावर एकच जात. मार्गदर्शक सरांनी सही केली. मी पेढेसुद्धा वाटले.

वैशाखात नानांचा फोन आला, की फुललंय, या. सकाळच्या गाडीनं गेले. नानांनी शिडी धरली, मी चढले. पहिलीच्या मातकट पिवळ्या पाकळ्यांवर चौकडी होती आणि मधे जांभळट निळी जीभ. दुसरीला मात्र इवलीइवली पिवळी फुलं, त्यांवर तांबडे आडवे पट्टे, दाटीनं लागलेली. ही वांडा नव्हतीच, ही अकाम्पे, वेगळंच ऑर्किड.

खाली उतरून मी नानांना सगळं सांगितलं. सही झालीय, परीक्षा महिन्यावर आलीय, आता बदललं तर सहा महिने गेले. आणि हे तुमच्या-माझ्याशिवाय कुणाला कळणार आहे?

"मला वाचता येत न्हाई, मी कुठं सांगाया जातो," ते म्हणाले. "पण तुमच्या मागून जे कुणी वाचंल, त्याला तुमी सांगून राह्यले की हितं एकच हाय. मंग ही दुसरी असूनबी नसल्यावानीच झाली ना?"

खरं सांगते, मला त्यांचा राग आला. संभाजीनगरला कॉलेजात परतेपर्यंत मी मनातल्या मनात त्यांना लाखोली वाहत होते. पण दुसऱ्या दिवशी सरांसमोर जाऊन उभी राहिले. बोलणी खाल्ली, सत्र गेलं, मैत्रिणी पदवी घेऊन मोकळ्या झाल्या. मी दोन्हींचा एकेक तुरा वाळवून कागदावर लावला. अशा कागदावर ओळख पटवणाऱ्याचं नाव लिहायची जागा असते, तिथे नानांचं नाव लिहिलं. सरांनी विचारलं, हे कोण? म्हटलं, माझे गुरू.

त्याच वर्षीच्या थंडीत दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन नाना गेले. पुढच्या मोसमात मालकानं दुसरा माणूस लावला. मी गेले तेव्हा आंबा लख्ख केलेला होता. बांडगूळ गेलं होतं आणि दोन्ही जावाही. या वेळी काम कसं पुरं झालं बघा, असं मालक कौतुकानं सांगत होते. मी मान डोलावली आणि बांधाआड जाऊन रडले.

पहिली मला नंतर पुष्कळ ठिकाणी सापडली. दुसरी या जिल्ह्यात पुन्हा कुठेच दिसली नाही, अजून शोधते आहे. ती इथे होती, याला आज तो एकच कागद साक्षीला आहे. नाना नसते, तर ही साक्षही माझ्याच हातानं पुसली गेली असती.