खालांचा हळू आवाज

आमच्या वरच्या मजल्यावरच्या खालांएवढा मोठा आवाज अख्ख्या कात्रजमध्ये कुणाचा नसेल, घाट चढणाऱ्या ट्रकच्या हॉर्नचासुद्धा नाही, आणि गंमत म्हणजे त्यांना स्वतःला वाटतं की आपण फार हळू बोलतो. खाला म्हणजे मावशी, पण त्या माझ्या सख्ख्या कुणी नाहीत. लग्न होऊन मी इंदापूरकडून इथं आले, तेव्हा मला कशाकशाची भीती वाटायची ते विचारू नका, लिफ्टची, गॅसच्या सिलिंडरची, बेल वाजली तरी मी आधी स्वयंपाकघरात पळायचे. पहिल्याच सकाळी गॅलरीत कपडे वाळत घालत होते तर एकदम वरून आवाज आला, "भाजी काय केलीस गं?" आजूबाजूला कुणी दिसेना. मी इतकी घाबरले, इतकी घाबरले, की हात जोडून आभाळाकडे बघत म्हटलं, "दोडका." वरून आवाज आला, "दाण्याचं कूट घाल." तेव्हापासून त्या माझ्या खाला झाल्या.

तशा त्या बारा महिने मोठ्या आवाजाच्या, पण बकरी ईदचा महिना लागायला आला की त्यांच्या अंगात काहीतरी वेगळंच येतं. आमच्यात ज्याच्या नावाची कुर्बानी असते त्यानं महिन्याचा चांद दिसल्यापासून कुर्बानी होईपर्यंत केस आणि नखं कापायची नसतात. म्हणजे खरं तर एवढंच आहे, ज्याच्या नावाची त्यानं. पण खाला चांद दिसायच्या आदल्या दुपारपासून नेलकटर घेऊन बिल्डिंगभर फिरतात. नेलकटर पायजम्याच्या नाडीला बांधून गळ्यात अडकवलेलं असतं. दार उघडलं की सलाम आधी आणि "हात दाखव" नंतर. आमचे हे मार्केट यार्डात कांद्याचा टेम्पो चालवतात, पहाटे जातात म्हणून दुपारी झोपतात. एकदा जागे झाले तर पायाची दहाही नखं कापलेली, यांना पत्ताच नाही. तळमजल्यावर एक रिटायर्ड काका राहतात, सकाळ-संध्याकाळ देवपूजा करणारे, त्यांचा या सगळ्याशी काय संबंध, पण त्यांना पण सोडत नाहीत. काका म्हणाले, "अहो बाई, मी कुठं बकरा कापणार आहे?" तर खाला म्हणतात, "नका कापू. पण नखं बघा तुमची, जनावराला लाजवतील." काकांनी गुपचूप हात पुढं केला.

त्यांच्या घरात दोन घड्याळं आहेत. एक पुण्याचं आणि एक मक्केचं. चहा, जेवण, दूधवाला हे पुण्याच्या घड्याळावर, आणि हजचे दिवस आले की बाकी सगळा जीव दुसऱ्या घड्याळात. भाकरी थापता थापता एकदम म्हणणार, "आत्ता हाजी निघाले असतील मिनाला." मोबाइलवर तिकडचं ऊन किती आहे ते बघणार आणि मग इकडे पंख्याखाली बसून स्वतःला वारा घालणार. इतक्या लांब हाज्यांना पाणी नेऊन देता येत नाही, याचं त्यांना फार वाईट वाटतं. म्हणून त्या दिवसांत दारात जो येईल त्याला गुलाबाचं सरबत. कुरिअरवाला, मीटर बघणारा, लिफ्टवाला, रद्दीवाला. एकदा कोण एक पोरगा चुकून पार्सल घेऊन आला, मजला चुकला म्हणून परत निघाला तर त्याच्या मागं जिन्यातून धावल्या, "अरे थांब, तिकडं लोक तापलेत उन्हात, तू तरी पी!" त्याला काय कळणार. पण प्यायला बिचारा.

आणि रोजे. हाजी लोक अराफातच्या मैदानात उभे राहून दुआ मागतात, त्या दिवसाला आम्ही अराफा म्हणतो, आणि जे हजला गेले नाहीत ते घरी रोजा धरतात. आता तिकडचा चांद आपल्या आधी दिसतो, म्हणून तिकडचा अराफा आपल्या अराफ्याच्या आदल्या दिवशी येतो. यावर दरवर्षी घरोघरी वाद, आपण कुठला धरायचा. खाला वाद घालत नाहीत, दोन्ही धरतात. म्हणतात, "एक त्यांच्याबरोबर, एक तुमच्याबरोबर. कुणाला राग नको." तिकडच्या अराफ्याच्या दुपारी मग त्या गच्चीवर जातात, पाण्याच्या टाकीच्या सावलीला, डोक्यावर काळी छत्री, आणि हाजी उभे राहिले की आपण उभं राहायचं, पार इथल्या मगरिबच्या, म्हणजे दिवस मावळतानाच्या अजानपर्यंत. दोन्ही हात वर. तेव्हा मात्र आवाज नाही. वर्षातली तेवढीच एक दुपार बिल्डिंग शांत असते. त्यांचं आणि खालूंचं, म्हणजे त्यांच्या मिस्टरांचं, हजला नाव लागलं होतं, त्याच वर्षी खालूंना आजार झाला आणि ते गेले, आणि मग खालांचे गुडघे गेले. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही मेथी निवडताना. "ते लोक तिथं उभे आहेत, मी इथं. आभाळ तर एकच आहे ना पोरी?" आणि लगेच, "देठ किती ठेवतेस? बकरीला घालायचीय का?"

पण सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्यांची तकबीर. या दिवसांत उठता-बसता, नमाज झाली की तकबीर म्हणायची असते, अल्लाहु अकबर, अल्लाहु अकबर, ला इलाह इल्लल्लाह. पुरुषांनी मोठ्यानं, बायकांनी हळू, स्वतःपुरती. खालांनी म्हटली की आमच्या खिडकीवरची कबुतरं उडतात. माझ्या सासूबाईंना, अम्मींना, ते पटत नाही. त्या जिन्यात उभं राहून म्हणायच्या, "आपा, बायकांनी हळू म्हणायची असते." खाला खरंच चकित होऊन बघायच्या. "मग? मी हळूच म्हणते." खालून काका गॅलरीत येऊन ओरडायचे, "ऐकू येतंय हो!" तर या वरून, "येऊ दे! पहाटेचे पाच वाजलेत, उठा, चहा घ्या!" काकांनी त्या दिवसांत गजर लावणंच सोडलं होतं.

दोन वर्षांमागच्या ईदेला माझा बाबू तीन-चार महिन्यांचा होता. सगळी बिल्डिंग दचकायची पण माझा बाबू हलायचा नाही. पाळण्यात गाढ. अम्मी सगळ्यांना कौतुकानं सांगायच्या, "एवढ्या गोंगाटात झोपतो बघा. शांत आहे, बापावर गेलाय." मला पण बरं वाटायचं. मी अशी घाबरट, माझा मुलगा तरी धीट निघाला.

मग तो वर्षाचा झाला, चालायला लागला, पण बोलेना. मामा नाही, पापा नाही, काहीच नाही. मी आठवी शिकलेली, मला काय कळतंय, पण भीती वाटायला लागली. यांना विचारलं, हे म्हणाले मी पण उशिरा बोललो. अम्मी म्हणाल्या मुलगे उशिराच बोलतात. माहेरी फोन केला, आई म्हणाली पोपटाचा उष्टा पेरू दे. मी पोपट कुठून आणू कात्रजमध्ये, तरी एकाकडून आणला पेरू. सगळे हसायचे, तुला ना, कशाचीही भीती वाटते. आणि ते खरंच होतं ना, मला लिफ्टची पण भीती वाटते, मग माझ्या भीतीवर विश्वास कोण ठेवणार?

गेल्या वर्षी चांदच्या संध्याकाळी खाला नेलकटर घेऊन आमच्याकडे आल्या. अम्मी चहा पीत होत्या. बाबू दाराकडे पाठ करून फरशीवर बसला होता, वाटीत वाटी, वाटीत वाटी, असा त्याचा खेळ. तेवढ्यात बाहेर पोरांनी गलका केला, दिसला, चांद दिसला. खालांनी तिथंच दारात उभं राहून वर्षाची पहिली तकबीर म्हटली, छाती भरून. अम्मींचा चहा बशीत सांडला. कबुतरं उडाली. खालून काका, "ऐकू येतंय हो!" आणि बाबूनं एक वाटी उचलली आणि दुसरीत ठेवली.

खाला हसल्या नाहीत. त्यांनी चपला काढल्या, त्याच्या मागं जाऊन वाकल्या आणि परत म्हटली. काचा हादरल्या असतील. बाबू वाटीतच. मग त्या फिरून पुढं आल्या, तेव्हा त्याला त्या दिसल्या आणि असा खुश झाला, दोन्ही हात वर करून, उचल म्हणून.

अम्मी म्हणाल्या, "बघा, किती शांत."

खालांनी त्याला उचललं. पहिल्यांदा मी त्यांचा खरा हळू आवाज ऐकला. "शांत नाहीये तो," त्या म्हणाल्या. "उद्या दवाखान्यात जायचं. मी येते." आणि माझ्याकडे बघून, "तू बरोबर घाबरलीस."

तुम्हाला सांगते, ते ऐकून मी रडले, पण त्यात थोडंसं बरं पण वाटलं. कुणीतरी म्हणालं ना, बरोबर घाबरलीस.

मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो, कानाच्या डॉक्टरांनी बघितलं आणि मशीनवरच्या तपासणीची तारीख दिली. तारीख कुठली, तर नेमकी तिकडच्या अराफ्याची, आणि वेळ दुपारची. मी म्हटलं, "खाला, तुम्ही नका येऊ, तुमची गच्ची." त्या म्हणाल्या, "गच्ची कुठं पळून जातेय?" तपासणी पोरगं गाढ झोपल्यावरच होते, म्हणून त्याला पहाटेपासून जागं ठेवा असं सांगितलं होतं. ठेवला. आणि तिथं गेल्यावर औषध पाजलं तरी झोपेना. नुसता किरकिर. ट्यूबलाइट, गर्दी, फिनेलचा वास, बाकी पोरं एकेक करून झोपून आत जाऊन यायला लागली आणि आमचा डोळे टक्क. मॅडम म्हणाल्या, झोपला नाही तर पुढची तारीख घ्यावी लागेल. मी त्याला नुसती थोपटत होते. सारखं वाटत होतं, झोपला तर कळेल, आणि कळलं तर काय कळेल.

खालांनी त्याला माझ्याकडून काढून घेतला. "दे इकडं. तुझं काळीज असं धडधडतंय, ते त्याच्या छातीला लागतं. झोपणार कसा?" आणि त्या चालायला लागल्या. औषधाच्या खिडकीपासून पिण्याच्या पाण्याच्या टाकीपर्यंत आणि तिथून परत खिडकीपर्यंत. रोजा असलेली बाई, गुडघ्यांना पट्टे, खांद्यावर एवढं जड पोरगं. टाकीपाशी लोक पाणी पीत होते, या वळून परत. मी मागं मागं. म्हटलं, "खाला, बसा ना. माझ्यामुळं तुमचा अराफा चुकला."

"चुकला कुठं? हात उचललेलेच आहेत. फक्त त्यात हा आहे."

मला राहवेना. मी विचारलं, "खाला, एवढी भीती वाटते, म्हणजे माझं अल्लाहवरचं ईमान कमी आहे का?"

"कोण म्हणतं?" झालं, आवाज सुटला. "बीबी हाजरा घाबरली नव्हती? वाळवंट, पोरगं तहानेनं रडतंय, चिटपाखरू नाही! घाबरली म्हणून तर पाण्यासाठी दोन टेकड्यांमध्ये धावली. धीट असती तर बसून राहिली असती! आणि आज एवढे हाजी तिच्याच पावलांवर धावतात. आईच्या घाबरण्यावर उभाय अर्धा हज, तू मला काय सांगतेस!"

सगळी लाइन वळून बघायला लागली. सिस्टर दारातून म्हणाल्या, "आजी, हळू. पेशंट आहेत."

"हळूच बोलतेय," खाला म्हणाल्या. आणि मी बघितलं तर त्यांच्या खांद्यावर, त्या आवाजाला कान लावून, माझा बाबू गाढ झोपला होता.

आतून मॅडम बाहेर आल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, म्हणाल्या, बरंच कमी. पण काहीच नाही असं नाही. मशीन लावायचं, बोलायचं शिकवायला आणायचं, वेळेत आलात. मला पुढचं काही कळलंच नाही, मी नुसती मान हलवत होते. परतीच्या बसमध्ये मगरिब झाली. खालांनी पिशवीतून खजूर काढला, रोजा सोडला, अर्धा मला दिला. "काहीच नाही असं नाही, म्हणाली ना ती? मग झालं. कमी म्हणजे आहे." आणि मग स्वारगेटपासून कात्रजपर्यंत माझा हात धरून बसल्या, एक शब्द बोलल्या नाहीत. कंडक्टरला पण वाटलं असेल, काय शांत बाई.

या वर्षी बाबूच्या दोन्ही कानांना मशीन आहे. सुरुवातीला फार घाबरायचा, नळ सोडला तरी रडायचा, माझ्यावर गेलाय. आता "पा" म्हणतो, पाण्याला पण आणि पप्पांना पण. आणि खालांचं थंडीत गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जिवावरचं टळलं, पण आवाज गेला. नुसती हवा येते, घोगरी. डॉक्टर म्हणतात येईल, येईल. मला सवय होत नाही. भाजी काय केलीस असं वरून कुणी विचारत नाही, मी आपली गॅलरीत थोडा वेळ जास्तच उभी राहते.

चांदच्या संध्याकाळी पोरांचा गलका झाला. मी आत पोळ्या करत होते. खिडकीतून दिसलं, खाली काका गॅलरीत येऊन थांबलेले, कप हातात. थोडा वेळ वाट बघितली त्यांनी, मग ओरडले, "अहो, या वर्षी ऐकू येत नाहीये हो!"

मी हात पुसत बाहेर आले तर खाला दारात उभ्या, गळ्यात नेलकटर. बाबू पाठ करून बसला होता, वाटीत वाटी. त्यांचे ओठ हलत होते. मी चार पावलांवर, मला पुसटच आलं, वारा आल्यासारखं. अल्लाहु अकबर, अल्लाहु अकबर.

बाबूची वाटी हातातच राहिली. त्यानं मान वळवली.

अम्मींनी तोंडावर पदर धरला. खाला माझ्याकडे बघून त्या घोगऱ्या हवेतच म्हणाल्या, "बघ. मी म्हणत नव्हते? मी हळूच म्हणते."