जुनी सिस्टीम काढली तो दिवस

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर वाकडं येतं, त्याबद्दल जो कुणी ही वही वाचेल त्याने माफ करावं. शाळा चौथीपर्यंतच झाली, बेळगावकडच्या माहेरच्या गावात, मराठी शाळेत. पुढे कित्येक वर्षं हातात पेन आलं नाही. तसं पाहिलं तर वाचणार तरी कोण? सासरी, बेंगळुरात, सगळे घरात मराठी बोलतात पण वाचतात कानडी. वही उघडी राहिली तरी भीती नाही.

शिवाजीनगरच्या बसस्टँडमागे आमचा छोटा छापखाना होता, राहत्या घराच्या पुढच्या खोलीत. थोरले भाऊजी मालक, माझे यजमान मशीनवर. लग्नपत्रिका, बिलबुकं, नाटकांची तिकिटं असं काम. मध्ये एक पडदा, पडद्याच्या आत स्वयंपाकघर आणि मी.

कंप्यूटर घेतला तो दुसऱ्याचा वापरलेला. त्यात दोन सिस्टीम होत्या. सुरू केला की काळ्या पडद्यावर दोन ओळी यायच्या. एक दाबलं की डॉस, दोन दाबलं की विंडोज. भाऊजींचं कानडी काम सगळं दोनमध्ये. एकमध्ये मराठी टायपिंगचा प्रोग्राम होता, मशीनबरोबरच आलेला. त्याच्या फ्लॉप्या आमच्याकडे नव्हत्या आणि नव्या सिस्टीमवर तो चालत नसे. यजमानांनी बटणांवर देवनागरी अक्षरांच्या चिठ्ठ्या डिंकाने चिकटवून दिल्या. कधी मराठी पत्रिका आली की म्हणायचे, "तूच बघ. आम्हाला नुसते खिळे दिसतात." दुपारी भाऊजी जेवून आडवे झाले की मी पुढे जाऊन बसायची.

भाऊजींशी मी बोलत नसे. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, एक शब्द बोलले नव्हते. आमच्यात थोरल्या दिरासमोर बाईने तोंड उघडायचं नाही. काही सांगायचं असलं तर सासूबाईंना सांगायचं, नाहीतर मुलीला. "मोठ्या बाबांना सांग, पाणी तापलंय." ते दोन हातांच्या अंतरावर उभे असायचे, ऐकलेलंही असायचं, तरी मुलगी पुन्हा सांगायची आणि मगच ते उठायचे. मला याचं कधी वाईट वाटलं नाही. मुळात मला बोलायला नकोच असतं. मला हा आडोसा बराच वाटायचा.

आमच्या समाजाच्या महिला मंडळाने एक पुस्तक काढायचं ठरवलं. बेंगळुरातल्या आपल्या घराण्यांची माहिती. कुळ, दैवत, कोण कुठून आलं, कुणाकडे सोयरिक. मंडळाच्या अध्यक्षबाईंना सगळे अक्का म्हणत. त्या स्वतः घरी आल्या.

"हे तू टाईप करायचंस."

"मी चौथी शिकलेय, अक्का."

"मग काय झालं? आमच्या कमिटीत एकीलाही मराठी अक्षर येत नाही. आमच्यात तूच पंडित."

"कानडीत छापा की."

"कानडीत छापलं तर ते आपलं पुस्तक कसं?" त्या म्हणाल्या आणि माझ्या हातात आगाऊ पैसे ठेवले. माझ्या हातात, यजमानांच्या नाही. ते पैसे मुलीच्या हायस्कूलच्या फीला गेले. उरलेले पुस्तक झाल्यावर मिळायचे होते.

आठ महिने मी ते काम केलं. घराघरांतून चिठ्ठ्या यायच्या, बऱ्याच कानडीत. यजमान वाचून दाखवायचे आणि मी मराठीत टाईप करायची. के. आर. पुरमच्या एक म्हाताऱ्या आजी लिहिता येत नाही म्हणून स्वतः बसने यायच्या, पडद्याआड बसून त्यांच्या घराण्याचं सांगायच्या. तंजावरहून कोण आलं, कुणाची बहीण कुठे दिली. सांगताना मध्येच एखाद्या दिराला शिवी द्यायच्या आणि म्हणायच्या, "हे नको हं लिहू." एकेक चिठ्ठी टाईप झाली की मी ती बंबात घालायची. घरात कागदाचा पसारा भाऊजींना चालत नसे. दोनशेच्या आसपास घराणी झाली होती. यजमान म्हणायचे, एका फ्लॉपीवर उतरून ठेव. पण फ्लॉपीचे पैसे भाऊजींकडून मागावे लागले असते. राहून गेलं.

मग रंगीत पत्रिकांचं काम वाढलं आणि कंप्यूटर भरला. गणपतीचं चित्र ठेवायला गेलं की जागा नाही म्हणायचा. भाऊजींनी रिपेरीवाल्याला बोलावलं. तो आला तेव्हा सकाळचे अकरा वाजले असतील. यजमान कागद आणायला चिकपेटेत गेले होते, मुलगी शाळेत, सासूबाई देवळात. मी आत कॉफी करत होते. त्याचं कानडी बोलणं मला सगळं कळत होतं.

"अण्णा, यात दोन सिस्टीम आहेत. अर्धी डिस्क जुन्यानेच अडवलीय. ती काढली की सगळी जागा नव्याला मिळेल."

"मग काढ."

"आत काही आहे का बघा. एकदा पुसलं की परत येणार नाही."

"त्यात काय असणार? जुनी बिलं. आणि दुपारची बायकांची टुकटुक."

मी दोन्ही पेले घेऊन पडद्याशी उभी राहिले. सासूबाई असत्या तर त्यांना सांगितलं असतं, मुलगी असती तर तिला. भिंतीला सांगितलं असतं तरी चाललं असतं, आमच्या जुन्या बायका तसंही करत. तेही सुचलं नाही. मी पेले एकमेकांवर आपटले. भाऊजी मान न वळवता म्हणाले, "ठेव तिथे."

मी पुढे जाऊन टेबलावर पेले ठेवले. कंप्यूटरच्या पडद्यावर इंग्रजी ओळ होती आणि रिपेरीवाल्याचं बोट बटणावर. त्याने माझ्याकडे पाहिलं. बहुतेक माझ्या चेहऱ्यावर काही दिसलं असेल.

"काय अम्मा? काही सांगायचंय?"

भाऊजी कॉफी फुंकत होते. मी नाही म्हणून मान हलवली.

त्याने बटण दाबलं. पडद्यावर आकडा आला आणि चढायला लागला. पाच, सहा, सात. मी आत जाऊन पडद्याच्या फटीतून बघत राहिले. पन्नासला आला तेव्हा मला वाटलं, अजून अर्धी घराणी आहेत, आता जरी ओरडले तरी अर्धी वाचतील. सत्तरला वाटलं, शेवटची तरी. असं असतं की नसतं ते मला आजही माहीत नाही. शंभर झाले. रिपेरीवाला म्हणाला, "स्वल्प थांबा, अण्णा, आता जागा बघा." भाऊजी खूश झाले, त्याला आणखी एक कॉफी द्यायला सांगितलं. मी केली.

यजमान आल्यावर मी त्यांना सांगितलं. ते चपला न काढताच खुर्चीवर बसले.

"तुला तोंड नव्हतं?"

त्यांनी आणलेले कागद मी उचलून ठेवायला लागले.

"निदान पेला तरी त्या मशीनवर ओतायचास," ते म्हणाले, पण हसले नाहीत. दुसऱ्या एका माणसाला त्यांनी विचारून पाहिलं. तो म्हणाला, वर नवं लिहून झालंय, आता काही निघणार नाही. भाऊजींना मात्र त्यांनीही सांगितलं नाही. भावापुढे त्यांचंही तोंड माझ्यासारखंच.

दोन महिन्यांनी मराठी पत्रिकेचं काम आलं. भाऊजी यजमानांना म्हणाले, "सांग तिला, दुपारी करून टाकेल." यजमान म्हणाले, तो प्रोग्राम जुन्यात होता, गेला. भाऊजींनी विचारलं, "मग तेव्हा कुणी बोललं का नाही? मला काय स्वप्न पडणार होतं?" मी आत कणीक मळत होते. त्यांचं चुकलं असं मला म्हणता येईना, आणि हेच सगळ्यात जड गेलं. रागवायला कुणी असतं तर बरं झालं असतं. ते गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं, आणि कंप्यूटरपुढे बसायचं माझं काही कारण उरलं नाही. बटणांवरच्या चिठ्ठ्या यजमानांनी ओल्या फडक्याने पुसून काढल्या.

अक्कांना सांगायला मला दीड महिना लागला होता. रोज ठरवायची, रोज काही निमित्त काढायची. शेवटी सांगितलं तेव्हा त्या आधी समजल्याच नाहीत.

"म्हणजे कागदं जळली?"

"कागदं मीच जाळली, अक्का. बाकीचं मशीनमधून गेलं."

पुन्हा चिठ्ठ्या मागवल्या. वीस-बावीस आल्या. लोक म्हणाले, एकदा दिलंय, किती वेळा द्यायचं? के. आर. पुरमच्या आजी तोवर गेल्या होत्या. त्यांच्या सुनेला काहीच माहीत नव्हतं. हळदीकुंकवाला एक बाई माझ्या कपाळाला कुंकू लावता लावता म्हणाली, "हिला काही सांगू नका गं, पुसून टाकते." बायका हसल्या. मीही हसले. त्यानंतर मी मंडळात गेले नाही. पुस्तकाचं काम थांबलं ते कायमचं.

आगाऊ घेतलेले पैसे कुणी मागितले नव्हते. पण त्या पैशांनी माझी मुलगी शाळेत जात होती आणि तिचा युनिफॉर्म धुताना मला रोज ते आठवायचं. मी शेजारणीच्या मशीनवर साड्यांना फॉल-पिको करायला लागले. कमर्शियल स्ट्रीटच्या एका दुकानातून गठ्ठा यायचा. एका साडीमागे मिळायचं ते डाळीच्या डब्यात. महिना-दोन महिन्यांनी थोडे साठले की अक्कांच्या घरी जायची. त्या दारातच घ्यायच्या, "बरं" म्हणायच्या. पहिल्या वर्षी तर आत बसही म्हणाल्या नाहीत. त्यांनाही कमिटीत ऐकून घ्यावं लागलं होतं.

तीन वर्षं लागली. मुलगी दहावी होऊन कॉलेजात गेली होती. शेवटच्या खेपेला अक्कांनी आत बसवलं, पैसे मोजले, वहीत लिहिलं आणि वही माझ्यापुढे केली. कानडीत होतं. मी म्हटलं, मला वाचता येत नाही.

"लिहिलंय, सगळे आले."

"सरी, बरं."

"तुझ्या थोरल्या दिरांना कळलं का कधी, कशाचे हे पैसे?"

"नाही."

अक्कांनी वही मिटून ठेवली. मग म्हणाल्या, "आता सांगून तरी काय." मला कॉफी दिली. मी ती प्यायले, पेला विसळून ठेवला आणि घरी आले. पैसे पूर्ण फिटले.