तुलनेसाठी धाकटीचं रक्त

थोरलीच्या नाकातून रक्त येऊ लागलं की मी देवाला शिव्या घालायचे. एवढीशी पोर, अंगावर जागोजागी काळेनिळे डाग, तोंड पांढरंफटक. तेव्हा भिलाईत कारखान्याचं बांधकाम जोरात होतं, घरभर लाल धूळ यायची. शेजारणी म्हणत, धुळीनंच झालं. तसं असतं तर मी तिला भंडाऱ्याला माहेरी नेऊन ठेवलं असतं.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, प्रत्येक पेशीत गुणसूत्रांचे धागे असतात. ते सगळ्यांचेच तुटतात, पेशी ते पुन्हा सांधते. थोरलीच्या पेशींना बहुधा तेच जमत नव्हतं. खात्री मुंबईच्या प्रयोगशाळेत होणार होती. तिथले शास्त्रज्ञ पेशी वाढवून त्यांचे फोटो काढत, परदेशातल्या जाणकारांचंही मत घेत. पण रक्त तिथवर जिवंत पोचायला हवं होतं, आणि ताडून पाहायला सोबत एका निरोगी मुलाचंही हवं होतं.

कॉलनीत कोणी आपल्या पोराचं रक्त देईना. एकीनं तर तोंडावर दार लावलं. मी नवऱ्यावर भडकले, "कावून लोकायच्या दारात जाता? आपली धाकटी हाय ना! दगड पचवून राहिली ते." परक्याचं मूल असतं तर बरं, असं डॉक्टर म्हणाले, पण ते आणायचं कुठून?

माझा भाऊ रेल्वेत गार्ड होता. त्यानं दोघींच्या रक्ताच्या नळ्या दुर्गहून नागपूरला जपून नेल्या आणि मुंबईच्या गाडीच्या गार्डाच्या हातात दिल्या.

काही आठवड्यांनी डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं. थोरलीचे धागे तुटलेले होते. त्याची मी मनाची तयारी करून गेले होते. मग ते हळूच म्हणाले, दुसऱ्या नळीतलेही तसेच आहेत.

"गाडीत खराब झालं असन," नवरा म्हणाला.

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. बिघडलेल्या रक्तातल्या पेशी वाढल्याच नसत्या. या वाढल्या होत्या.

मी ओरडले, "माही पोरगी पाहा त खरं! दिवसभर झाडावर चढून राहते. तिले काय झालं?" आज काहीच नाही, ते म्हणाले. पुढे मात्र तिलाही थोरलीसारखंच होऊ शकतं. यावर औषध नव्हतं.

घरी आलो तशी धाकटी धावत आली. "आई, माह्यं रगत पाहून ताईचं औषध समजलं ना?"

मी हो म्हटलं आणि न्हाणीत जाऊन तोंडात पदर कोंबला. एकीचा जीव वाचवायला दवाखान्यात गेले होते. परत आले तेव्हा माझ्या घरात एकही धडधाकट पोर उरली नव्हती.