सयाजीनं तीन थाळ्या लावून पाहिलेला जावई

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीची जी थाळी सगळ्यात टोकाला, रानात एकटी उभी, तिचा सयाजी वॉचमन. गाव त्याला 'वेशीबाहेरचा' म्हणून चिडवायचं. मग दुर्बिणीवरच्या एका साहेबांनी त्याला थाळी एवढ्या लांब ठेवण्यातली गोम सांगितली आणि गडी जो फुगला, तो फुगलाच. थाळी कितीही चांगली असो, तिच्या आकारापलीकडं तिला बारीक दिसत नाही. जवळजवळचे दोन तारे एकच ठिपका वाटतात. आता गावाएवढी थाळी कोण बांधणार? म्हणून पुष्कळ थाळ्या लांब लांब ठेवायच्या, सगळ्यांनी एकाच वेळी एकाच ठिकाणी बघायचं, आणि ते बघणं एकत्र जुळवायचं. जितकं अंतर जास्त, तितकं बारीक दिसतं. म्हणजे टोकाची थाळी सगळ्यात मोलाची.

हे ज्ञान माणसानं आकाशापुरतं ठेवावं की नाही? पण थोरल्या मोहिनीचं स्थळ सयाजीनं एकट्यानं, पोहे खात पाहिलं होतं. जावई दारुडा निघाला, पोरगी वर्षात माहेरी आली. ते त्याच्या फार जिवाला लागलं होतं. धाकट्या प्राचीला मंचरच्या आदेशचं स्थळ आलं, तेव्हा त्यानं ठरवलं, एका थाळीवर भरवसा ठेवायचा नाही.

आदेशचा मार्केटात कांद्याचा गाळा. बाजारादिवशी सयाजी चहाच्या टपरीवर, भाऊ रामदास हायवेकडेला, बायको ठमाबाई गेटापाशी. लिलाव सुरू झाला की तिघांनी नजर लावायची. खूण काय, तर स्थळाबरोबर आलेल्या फोटोतला पांढरा शर्ट आणि मिशी. अहो, मंचरच्या मार्केटात ही काय खूण झाली?

संध्याकाळी घरी जुळवाजुळव सुरू झाली.

"तंबाखू मळत व्हता," रामदास म्हणाला.

"हमालाला शिव्या देत व्हता. आन् टक्कल हाय," सयाजी म्हणाला. "स्थळ मोडा."

ठमाबाई वैतागली. "मला तर धड दिसलाच न्हाई. एक निळ्या शर्टाचा पोरगा सारखा मधी मधी करी. म्हनं, मावशी, उनात का हुब्या? पोत्यावर बसवलं, पानी दिलं. त्याच्या नादात नवरदेव हुकला."

प्राचीनं गुपचूप मोबाईल पुढं केला. आदेशनं सकाळीच पाठवलेला फोटो, निळा शर्ट.

"ह्योच की गं त्यो," ठमाबाई म्हणाली.

सयाजीचं तोंड बघण्यासारखं झालं. त्यानं विचारलं, "पानी तू मागितलंस, का त्यानं आपनहून दिलं?"

"आपनहून. वळखत बी नव्हता मला."

चुलीपाशी बसलेल्या मोहिनीनं मान वर केली. ती म्हणाली, "आण्णा, उद्याच व्हकार कळवा."