लाला झोपलाय

वॉचमन किस्से शोधायला जात नाही. ते गेटमधून आत येतात, आपण फक्त नोंद करायची. नव्वदनंतर वाशीच्या एका सोसायटीत मी ती केली. शिक्षण चौथी, पण रजिस्टरमध्ये खाडाखोड नाही.

* * *

हीराबा एकट्याच राहायला आल्या. हातात रेशमी कापडाने झाकलेली टोपली.

"काय हाय त्यात?"

"मारो लालो. झोपलाय."

"कापड उचला."

"झोपलेल्या पोराला उठवतोस?" म्हातारी कडाडली.

लाला म्हणजे पितळेचा बाळकृष्ण! त्यांचा पंथ वल्लभाचार्यांचा, पुष्टिमार्ग. देवाला लेकरासारखं उठवायचं, नटवायचं, भरवायचं, निजवायचं.

मी लिहिलं: माणसं दोन. एक झोपलेलं.

* * *

दुपारी लाल्याची झोप. हीराबांनी लिफ्टवाल्यांचं ड्रिल बंद करायला लावलं. पाण्याच्या वेळेवर कधी एकमत न झालेली सोसायटी या झोपेवर एक झाली. मिस्त्रीही झोपले. लिफ्टला दोन महिने जास्त लागले!

* * *

रविवारी हीराबांकडे सेक्रेटरी शहांचं प्रवचन. "वल्लभाचार्य सांगतात, जग खोटं नाही. ते कृष्णाचंच रूप आहे."

मी दारातून विचारलं, "म्हणजे बी-विंगचं लीकेज पण खरं हाय?"

वर्षभर शहा म्हणत होते, रहिवाशांना भास होतो! सोमवारी प्लंबर आला.

* * *

प्रवचनानंतर शिरा. नैवेद्याआधी त्यांच्यात चव घेत नाहीत. नंतरही हीराबा घेत नसत, डायबेटीस. प्रसाद कपाळाला लावून वाटून टाकायच्या.

एका रविवारी शिरा खारट. पुढच्याही रविवारी. मग दर रविवारी. म्हातारीला मोतीबिंदू, साखरेचा डबा कुठला नि मिठाचा कुठला, दिसत नव्हतं. शहा "वा!" म्हणून गिळत. मीही गिळला. प्रसाद टाकत नाहीत.

* * *

डॉक्टरांनी बजावलं, आता ऑपरेशन नाही केलं तर नजर जाईल.

"दवाखान्यात राहिले तर लाल्याला कोण उठवणार?"

शहांकडे रंगकाम निघालं. इतरांकडे पाहुणे. सगळं कृष्णाला अर्पण केलेल्यांच्या घरात टोपलीभर जागा नव्हती.

मी म्हणालो, "बा, त्याला बरोबर घ्या. बाहेर मी बसतो."

"तू मटण खातोस."

"सोडलं आजपासून."

"हात फक्त टोपलीच्या कडीला लाव."

टोपली मांडीवर घेऊन बसलो. दवाखान्याचा वॉचमन आला. "काका, उघडा. चेकिंग."

"हळू बोल. झोपलाय."

"कोण?"

"तू लिही. माणसं दोन."

* * *

पट्टी सुटली. हीराबा घरी आल्या त्या थेट स्वयंपाकघरात. दोन्ही डबे उघडून बघितले. शिऱ्यासाठी नेहमी हाताला लागायचा, तो मिठाचा निघाला.

"पवारभाई, किती महिने?"

"आठ."

"आणि एक पण माणूस बोलला नाही?"

"लाल्यानं वाटी परत केली नाही, बा. आमी कोण बोलणार!"